उजव्या सीटवरचा

स्टिअरिंगला आपला हात लागला हे त्याला बायकोच्या ओरडण्यावरून कळलं. त्याआधी एवढंच झालं होतं की रस्त्याकडेच्या एका उभ्या व्हॅनचं दार एकदम उघडलं, दारातून एक पाय बाहेर आला आणि त्यांची गाडी त्या पायापासून अलगद बाजूला झाली. गाडी बाजूला झाली हे त्याने पाहिलं. बायको अलीकडे छान चालवायला लागली आहे, असं म्हणायला त्याने तोंडही उघडलं. तेवढ्यात ती ओरडली, "हात काढ! आधी हात काढ तो!" त्याने खाली पाहिलं, तर त्याचा हात स्टिअरिंगवर होता आणि चांगला घट्ट होता. तो हात परका असल्यासारखा त्याने उचलला आणि मांडीवर ठेवला. बायकोने गाडी कडेला घेतली, मागच्याने हॉर्न वाजवून शिव्या घातल्या, त्या तिने काचेआडून परत केल्या आणि मग ती त्याच्याकडे वळली. "मला दिसलं होतं दार. मी वळवतच होते." तो म्हणाला, "हो." "हो काय? माझी गाडी, मी चालवतेय, आणि तू मधेच हात घालतोस? एक शब्द बोलत नाहीस?" त्याला खरंच सांगायचं होतं की हात त्याने घातला नव्हता, तो गेला होता. पण असलं वाक्य नवऱ्याने बायकोला सकाळी रहदारीत सांगायचं नसतं, एवढी अक्कल इतक्या वर्षांच्या संसारात त्याला आली होती.

बायको कान तपासायची. एका इस्पितळात तिची आवाज कोंडलेली खोली होती, तिथे ती लोकांच्या कानांवर हेडफोन चढवायची आणि बारीक शिट्ट्या वाजवायची. शिट्टी ऐकू आली की माणसाने बटण दाबायचं. राग ओसरल्यावर ती म्हणाली, "दमलायस तू. आमच्याकडेही येतात असे. शिट्टी वाजलेलीच नसते आणि बटण दाबून मोकळे. विचारलं तर म्हणतात, मी कुठे दाबलं?" ती हसली म्हणून तोही हसला, पण मांडीवरच्या त्या हातावरून त्याची नजर हलेना. कारण या शहरात, निदान शहराबाहेरच्या त्या छोट्या हवाईपट्टीवर, त्याचं नाव कशासाठी असेल तर हात न लावण्यासाठी. हौशी लोकांना दोन माणसांचं हलकं विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबात तो इन्स्ट्रक्टर होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तर हात लावत नाहीत, मास्तरांच्या शेजारी बसलं की पहिल्या महिन्यातच विमान तुमचं होतं, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्याने कानाआड केलेली नव्हती. माणूस कशावर तरी पोसला जातो. तो या वाक्यावर पोसला गेला होता.

आणि कालच विमान खात्याचं परिपत्रक आलं होतं. हौशी उड्डाणशाळा आणि त्यांचे शिक्षक यांच्यासाठी सुधारित नियम. क्लबची मालकीणबाई चष्मा कपाळावर ढकलून आणि मोबाइल नाकाशी धरून ते मोठ्याने वाचत होती. क्लब तिच्या नवऱ्याने काढला होता. तो गेल्यावर विकून टाकायचा म्हणून ती एकदा इथे आली आणि राहिलीच. "शिक्षकाने उड्डाणाआधी पुरेशी झोप घेतलेली असावी. घ्या! आता खातं अंगाई म्हणायलाही येणार." सगळे हसले. पुढचं कलम असं की विमानाचा ताबा घेताना आणि देताना शिक्षकाने स्पष्ट बोलायचं, 'माझ्याकडे' किंवा 'तुमच्याकडे', आणि दुसऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं; न बोलता विमानाच्या दांडीला हात लावणं यापुढे चूक धरली जाईल. त्यावर तो इतरांहून जरा जास्तच मोकळा हसला, कारण ते कलम त्याच्यासाठी नव्हतंच. मग ती त्याच्या पुढच्या कलमावर आली. परवाना चालू ठेवायचा असेल तर शिक्षकाने मुदतीच्या आत, स्वतःच्या हाताने केलेली लँडिंग बाहेरच्या परीक्षकाला करून दाखवावीत. विद्यार्थ्याने केलेली आणि शिक्षकाने नुसती पाहिलेली लँडिंग धरली जाणार नाहीत. "हे काय तुम्हाला अवघड, मास्तर," मालकीणबाई म्हणाली. "तळ्यातल्या माशाला पोहून दाखव म्हणतायत." आणि तो म्हणाला, "तर काय." मग बसमध्ये बसल्यावर त्याच्या मनात सहज आलं की आपण शेवटचं लँडिंग स्वतः कधी केलं ते आठवून बघावं. बस दोन पुलांवरून गेली, बाजारातून गेली, त्याच्या घराच्या थांब्यावरून पुढेही गेली, आणि त्याला एकही आठवेना.

यात गूढ काही नव्हतं. विमानात दोन सीट शेजारी शेजारी असतात. डावीकडे शिकणारा बसतो, उजवीकडे शिकवणारा. दोघांच्या गुडघ्यांमध्ये एकेक दांडी असते आणि आतून त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एक हलली की दुसरी हलते. क्लबाचं विमान एकच, इंधन महाग, तेव्हा जे उडायचं ते शिकणाऱ्याने उडायचं. मास्तर उजवीकडे बसून बोलणार. नाक खाली. आता थांब. थांब. अजून थांब. आता हलकेच. त्याच्या त्या 'थांब'ची नक्कल क्लबातला प्रत्येकजण करायचा. वर्षामागून वर्षं अशी गेली. हजारो वेळा तो जमिनीवर उतरला होता आणि त्यातलं त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं. त्याला एकाएकी वाटलं, आपण जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्या. आता कोणीतरी खाली उतरवून काठी हातात देणार आहे आणि म्हणणार आहे, हाक बघू. आणि तेव्हा हाताला काही आठवलंच नाही तर? परवाना जाईल. क्लबात दुसरा इन्स्ट्रक्टर नाही, म्हणजे शाळाही जाईल. पण खरं सांगायचं तर शाळेचं दुःख त्याने मागाहून, शोभावं म्हणून जोडलं होतं. त्याला भीती होती ती स्वतःची. उजव्या सीटवरून उठवलं तर तो बसणार कुठे, हे त्याला माहीत नव्हतं.

हात न लावण्याचं व्रत त्याने उगाच घेतलं नव्हतं. अगदी सुरुवातीला एक औषधवाला शिकायला यायचा. बोटं फार नाजूक, गोळ्या मोजून मोजून झालेली. त्याचं लँडिंग जुळत आलं होतं. एका संध्याकाळी विमान पट्टीवर येता येता जरासं तिरकं झालं आणि याने झडप घालून दांडी घेतली, उतरवलं. औषधवाल्याने थांबल्यावर हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळली आणि शांतपणे म्हणाला, "मी करत होतो ना." बस, एवढंच. रागावला असता तर बरं झालं असतं. तो पुन्हा आला नाही. त्याच्या दुकानावरून जाताना यालाच मान खाली घालून जावं लागे, डोकेदुखीची गोळीसुद्धा हा दोन गल्ल्या पलीकडून आणायचा. 'मी करत होतो ना' हे शब्द इतके खोल रुतले की तेव्हापासून त्याने हात आवरला. विमान तिरकं होऊ द्यायचं. माणसाला त्याचं तिरकेपण दिसू द्यायचं. हात दांडीपासून वीतभर अंतरावर ठेवायचा, पण लावायचा नाही. हळूहळू त्याला यातली गोडी कळली. शिकणारा घाबरतो, चाचपडतो आणि शेवटच्या क्षणी त्याचे हात बरोबर तेच करतात. विमान सायीवर चमचा टेकावा तसं टेकतं. आणि मग तो माणूस याच्याकडे वळून बघतो. त्या बघण्यासाठी तो जगत होता म्हटलं तरी चालेल. परमेश्वराकडेही कधीमधी असं कुणी बघत असेल की नाही कोण जाणे.

घरी मुलगी होती. म्हणजे ती परत आली होती. तिचं लग्न झालं आणि दोन वर्षं पुरती व्हायच्या आत मोडलं. तिची खोकी अजून तिच्या जुन्या खोलीच्या दारात होती, त्यामुळे दार पूर्ण लागत नसे आणि तिचं रडणं किंवा न रडणं दोन्ही बाहेर ऐकू येई. आल्यावर पहिले काही दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग एकदा तो सोफ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत असताना ती समोर येऊन उभी राहिली. "बाबा, तुला तो कसा आहे ते दिसत होतं ना?" त्याने पेपर खाली केला. खोटं बोलणं त्याला जमलं असतं, पण ती उभी अशी होती की जमलं नाही. "दिसत होतं," तो म्हणाला. "लग्नाआधीपासून?" "साखरपुड्यापासून." "मग?" या 'मग'ला त्याच्याकडे उत्तर तयार होतं, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेलं: माणसाला स्वतःचं स्वतः कळू द्यावं, मधे हात घालू नये, तू मोठी आहेस, तुझं विमान आहे. त्याने पेपरची घडी घातली.  मग ती म्हणाली, "क्लबातल्या लोकांना तरी तू निदान 'थांब' म्हणतोस." आणि आत गेली. स्वयंपाकघरातून बायकोने हे सगळं ऐकलं होतं.  त्या दिवशी तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं ते जरा दूर ठेवलं, त्याला उठून जवळ ओढावं लागलं.

परीक्षकाचा दिवस ठरेपर्यंत त्याच्या हातांना चैन पडेना. बसमध्ये तो ड्रायव्हरमागच्या सीटवर बसायचा आणि ड्रायव्हरच्या मनगटांकडे टक लावून बघायचा, शेवटी ड्रायव्हरने विचारलं, "काय साहेब, ओळख आहे का आपली?" केशकर्तनालयात खुर्चीच्या मुठी तो अशा धरून बसला की न्हाव्याला वाटलं कात्री लागली. घरी कुणी नाही असं बघून तो खुर्चीत बसला, दोन गुडघ्यांमध्ये छत्री धरली, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरला पट्टी मानलं आणि उतरायला लागला. नाक खाली. थांब. थांब. पण आपलंच 'थांब' ऐकून आपण थांबायचं की ओढायचं, हेच त्याला कळेना. बोलणारा एक आणि करणारा एक अशी इतकी वर्षांची सवय, दोघांना एका कातडीत बसवायचं तर जागा पुरत नव्हती. भिंत जवळ आल्यासारखी वाटली आणि त्याने छत्री पोटाशी ओढली. दारातून मुलगी म्हणाली, "बाबा, पाऊस नाहीये." तिने किती वेळ बघितलं होतं कोण जाणे. पण परत आल्यापासून ती पहिल्यांदाच जराशी हसली होती, म्हणून त्याने छत्री लगेच बाजूला ठेवली नाही. तिला परीक्षेचं सांगावं असं त्याला फार वाटलं. मला भीती वाटते आहे, असं. ती मात्र पाण्याची बाटली घेऊन निघून गेली आणि तो छत्री धरून बसून राहिला.

परीक्षक म्हणून आली ती भूगोल. पूर्वी ती शाळेत भूगोल शिकवायची म्हणून क्लबात तिचं नाव ते पडलं होतं. उडायला ती इथेच शिकली होती, त्याच्याच डाव्या हाताला बसून. मग तिने शाळा सोडली, पुढचे परवाने काढले, आणि आता पलीकडच्या जिल्ह्यात शिकवायची आणि खात्यातर्फे परीक्षा घ्यायची. तिला बघून मालकीणबाईचा जीव भांड्यात पडला. "अगं, गुरूची परीक्षा घ्यायला आलीस, काही लाज आहे का तुला?" भूगोल लाजली, वाकून नमस्कार करायला गेली आणि हातातला कागदांचा पॅड छातीशी धरलेला असल्यामुळे अर्ध्यातच थांबली. "सर, आज मी कुणी नाही हं तुमची," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे." त्याला ते आवडलं. तो अलिप्तपणा खरं म्हणजे तिने त्याच्याकडूनच घेतलं होतं.

ती डावीकडे बसली, तो उजवीकडे, कारण शिकवताना ज्या सीटवर बसतो त्याच सीटवरून करून दाखवायचं होतं. "माझ्याकडे," तो म्हणाला. "तुमच्याकडे," ती म्हणाली आणि हात मांडीवर घेतले. विमान वर गेलं, वळलं, पट्टीला समांतर उडालं, पुन्हा वळलं, आणि समोर झाडांची रांग आणि तिच्यामागे ती राखाडी पट्टी दिसायला लागली. आता. आता कळेल. झाडं खालून गेली. पट्टी रुंद होत आली. आणि मग काहीच झालं नाही. म्हणजे जे व्हायला हवं ते सगळं झालं. हाताने ओढलं, थांबला, जराशी ढील दिली, पुन्हा ओढलं. चाकं टेकली तीसुद्धा कानाला कळलं म्हणून कळली. त्याने पुन्हा उडवलं, पुन्हा उतरवलं, पुन्हा तसंच. कुठे गंज नव्हता, कुठे चाचपडणं नव्हतं. कालच संध्याकाळी केल्यासारखं. परवाही केल्यासारखं. त्याला हसू फुटलं. इतके दिवस छत्र्या धरून बसलो, न्हाव्याला घाबरवलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! शरीर विसरत नाही, असं लोक म्हणतात ते खरं असावं. भूगोलने काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली. "हा भाग झाला, सर. आता मी विद्यार्थी. तुम्ही शिकवा." हा तर हातचा मळ. "तुझ्याकडे," तो म्हणाला. तिने दांडी धरली. "माझ्याकडे."

कितीतरी दिवसांनी त्याचा जीव जागेवर आला होता. ऊन उतरलेलं, हवा पडलेली, खाली शेतांचे तुकडे आणि एका कारखान्याचं निळं छप्पर, आणि शेजारी आपली जुनी विद्यार्थिनी. तो सीटमध्ये सैलावला. त्याला वाटलं, घरी जाऊन मुलीला सांगू, अगं झालं. मग कदाचित त्या दुसऱ्या गोष्टीवरही बोलता येईल, एका गोष्टीचं दार उघडलं की दुसरंही किलकिलं होतं. झाडांची रांग जवळ आली. "नाक खाली," तो म्हणाला. "छान. आता थांब. थांब." विमान जरा जास्तच सरळ खाली जात होतं, ती उशीर करते आहे असं त्याला वाटलं, पण घाई कसली, कळेल तिचं तिला. "थांब… अजून… आता हलकेच." आणि नाक वर आलं, अगदी हवं तेवढं, आणि चाकं सायीवर टेकली. नेहमीचं ते सुख त्याच्या पोटातून वर आलं. तो तिच्याकडे वळला, आता ती आपल्याकडे बघेल म्हणून.

"सुरेख," तो म्हणाला. "मधे जरा उशीर केलास, पण सुरेख."

ती बघत होती, पण त्याच्या तोंडाकडे नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"सर, मी सोडलं होतं."

"काय सोडलं होतंस?"

"दांडी. झाडांवरच सोडली. माझे हात मांडीवर होते." तिचे हात अजूनही मांडीवर होते. "परीक्षेचा भाग आहे तो. विद्यार्थ्याने काहीच केलं नाही तर इन्स्ट्रक्टर कधी घेतो आणि बोलून घेतो का, ते बघायचं असतं."

"मी घेतलं नाही," तो म्हणाला.

"घेतलंत."

"अगं, मी हात लावत नाही. तुला माहीत आहे."

"सर," ती हळूच म्हणाली, "मग उतरवलं कुणी?"

इंजिन मंद चालू होतं. त्याने खाली पाहिलं. हात दांडीवर होता. वीतभर अंतर नव्हतं, बोटभर नव्हतं. चार बोटं आणि अंगठा, निवांत, घरात बसल्यासारखे. त्याने हात उचलला. त्याला आत्ता कळलं की गंज का नव्हता.

भूगोल समोरच्या काचेतून पट्टीकडे बघत होती. ती बोलायला लागली तेव्हा परीक्षकाचा आवाज गेला होता. "तुमच्याबरोबर उतरताना माझं विमान कधीच उसळलं नाही. एकदाही नाही. आणि पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा बेडकासारखं उसळलं, तीनदा. घरी जाऊन रडले होते मी. मला वाटलं, एकटी होते म्हणून घाबरले. इतकी वर्षं मी माझ्या पोरांना हेच सांगते, की एकटं असलं की हात जड होतात, घाबरायचं नाही." तिने पॅड उलटा ठेवला. "तेव्हाही तुम्हीच होतात का, सर?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. तुझं तूच करत होतीस, असं एक वाक्य, आणि ती सुखाने गेली असती. पण त्याला डोळ्यांपुढे एकामागून एक ते सगळे चेहरे दिसायला लागले, चाकं टेकल्यावर त्याच्याकडे वळलेले, उजळलेले, आणि प्रत्येक चेहऱ्याखाली हात कुणाचा होता ते काही केल्या दिसेना. "मला माहीत नाही," तो म्हणाला. आणि ते म्हणताना त्याला त्याहून वाईट काहीतरी सुचलं. या परक्या लोकांना, गल्लीबोळांतून आलेल्या हौशी माणसांना, त्याने न सांगता, न कळता, शेवटच्या क्षणी उचलून धरलं होतं. आणि घरातल्या ज्या एकीचं विमान डोळ्यांदेखत तिरकं होत खाली चाललं होतं तिच्या बाबतीत तेवढा हात खरोखरच मांडीवर राहिला होता. तिथे मात्र त्याने आपली ख्याती सांभाळली होती. त्याला इतकी लाज वाटली की त्याने हेडफोनची वायर उगाच सरळ केली.

नियमाप्रमाणे तिने तो भाग पुन्हा घेतला. दोघं पुन्हा वर गेली, पुन्हा तिने झाडांवर दांडी सोडली, आणि त्याने मोठ्याने, गरजेपेक्षा मोठ्याने, "माझ्याकडे" म्हटलं. ती "तुमच्याकडे" म्हणाली, आणि त्याने उतरवलं. तिने सही केली. परवाना चालू राहिला. मालकीणबाईने विमान ठेवायच्या हँगरच्या दारातूनच दोन्ही हात वर करून विचारलं आणि भूगोलने मान हलवून हो म्हटलं. जाताना भूगोल गाडीपाशी घोटाळली. काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. तिने फक्त त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, क्षणभर धरला आणि सोडला. त्यात क्षमा होती की निरोप, ते त्याला ओळखता आलं नाही.

त्या संध्याकाळी बेकरीवालीची पाळी होती. ती पट्टीच्या कठड्याशी केव्हाची उभी होती, केसांना रुमाल बांधून, कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा असलेली, पन्नाशीची खमकी बाई. तिचं लँडिंग क्लबात नावाजलेलं होतं. पुढच्या आठवड्यात तिला एकटीला सोडायचं, असं त्याने आणि मालकीणबाईने ठरवलंही होतं. "झाली का परीक्षा, मास्तर? आता माझी घ्या," ती म्हणाली आणि डाव्या सीटवर चढली. आज नको, असं म्हणावं असं त्याला वाटलं. आज काय, उद्या काय. तो उजवीकडे बसला. "तुमच्याकडे," तो म्हणाला. "माझ्याकडे," ती खणखणीत म्हणाली. मग त्याने आपले दोन्ही हात तळवे खाली करून मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर सगळं वजन टाकलं. "हे काय, थंडी वाजते?" तिने विचारलं. "हो," तो म्हणाला.

वर असताना सगळं ठीक होतं. ती बोलत होती, भट्टीवाल्या नोकराला शिव्या घालत होती. शेवटचं वळण घेतल्यावर ती गप्प झाली आणि झाडांची रांग यायला लागली, तेव्हा त्याच्या मांड्यांखाली बोटं जागी झाली. त्याने 'थांब' म्हटलं नाही. तोंडाने म्हटलं तर हातही जातील अशी त्याला भीती होती. "मास्तर, बोला की," ती म्हणाली. तो म्हणाला, "मी आहे. तुम्ही करा." विमान खाली येत होतं. ती उशीर करत होती, नेहमीच करत असली पाहिजे, पण आज तो उशीर त्याला पहिल्यांदा उघडा दिसत होता. बोटं मांसात रुतायला लागली. किती? किती होऊ द्यायचं? मोडेपर्यंत नाही, मोडण्याच्या अलीकडे, पण ते अलीकडे कुठे असतं? आता घेतलं तर बोलून घेता येईल, तोंड उघडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो हक्क त्याला होता, आणि आजच्या परीक्षेखेरीज तो त्याने कधीच वापरला नव्हता. 'माझ्याकडे' हा शब्द दातांपर्यंत येऊन थांबला. तिने ओढलं. उशिरा आणि जास्त ओढलं. विमान टेकलं, आदळलं, उसळलं, पुन्हा आदळलं, दात दातांवर आपटले, पुन्हा उसळलं, मग तिने नाक धरून ठेवलं, दातओठ खाऊन धरून ठेवलं, आणि ते एकदाचं जमिनीवर बसलं आणि वाकडंतिकडं धावत पट्टीच्या कडेच्या गवतापाशी येऊन थांबलं.

बेकरीवालीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. रुमाल कपाळावरून डोळ्यांवर आला होता, तो तिने मागे सारला नाही. ती म्हणाली, "असं नाही हो होत माझं. कधीच नाही होत. तुम्ही बघितलंय ना?"

त्याने मांड्यांखालून हात काढले. ते बधिर झाले होते, त्यांच्यावर सीटच्या शिवणीचे वळ उमटले होते, आणि ते काहीही धरण्याच्या लायकीचे राहिले नव्हते. आज पहिल्यांदा ते कुठे होते हे त्याला नक्की ठाऊक होतं.

"होतं," तो म्हणाला. "आजवर मी होऊ दिलं नव्हतं."